प्रोसेसर बदलायचा की पळवायचा?

रमजान ईद झाली की आमच्या सोलापुरात लग्नांचा हंगाम सुरू होतो. त्याच सुमारास ऊनही चढते. यंदा या दोन्हींच्या मध्ये आमच्या बैठकीच्या कोपऱ्यातला कॉम्प्युटर सापडला, आणि त्याच्यापायी आम्ही उभयता पंधरा दिवस कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडत बसलो. गेल्या महिन्यात या सदरात पाण्याच्या मोटारीबद्दल लिहिले होते. या वेळी कॉम्प्युटरची पाळी.

हा डेस्कटॉप आम्ही २०१८ च्या अखेरीस घेतला. तेव्हा थोरला बारावीला होता आणि धाकटी सहावीला. आज थोरला लग्नाचे व्हिडिओ शूटिंग आणि एडिटिंग करून चार पैसे मिळवतो, धाकटी बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षात जाणार आहे, आणि यंत्र मात्र तेच आहे. आत एएमडीचा रायझन ३ २२००जी हा प्रोसेसर, बी४५० जातीचा मदरबोर्ड, ८ जीबीची एक रॅमची पट्टी आणि १ टीबीची हार्डडिस्क.

एप्रिलमधल्या एका रात्री थोरला म्हणाला, "अब्बा, एक लग्न एक्स्पोर्ट करायला तीन तास वीस मिनिटं लागतात. हातात सहा लग्नं आहेत. प्रोसेसर म्हातारा झाला."

धाकटी आतून ओरडली, "आणि मी सकाळी मशीन चालू करते, चहा पिऊन येते, तरी ते उघडलेलं नसतं!"

ओळखीच्या दुकानदाराला विचारले. त्याने पूर्ण नव्या संचाचा आकडा सांगितला, पंचेचाळीस हजार. थोरल्याचा एक मित्र म्हणाला, "चाचा, पैसे कशाला घालता? ओव्हरक्लॉक करा. फुकटात काम होतं." आमच्या कपाटात तेव्हा जवळपास पंचेचाळीस हजारच होते, पण ते धाकटीच्या फीचे होते. तेव्हा प्रश्न नुसता कॉम्प्युटरचा राहिला नाही. एका लेकराच्या कमाईसाठी दुसऱ्याच्या शिक्षणाचे पैसे मोडायचे का, असा तो झाला.

असे प्रसंग आपल्या पुष्कळ घरांत येतात, म्हणून आम्ही काय केले, कुठे चुकलो आणि शेवटी काय ठरले, ते क्रमाने सांगतो.

आधी दोषी कोण ते शोधा

लग्नाच्या दावतीचे स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. प्रोसेसरमधला प्रत्येक कोअर म्हणजे एक बावर्ची. गिगाहर्ट्झ म्हणजे त्याचा हात किती भरभर चालतो ते. रॅम म्हणजे त्याच्या पुढ्यातला ओटा आणि हार्डडिस्क म्हणजे मागची कोठी. जेवण उशिरा निघाले तर आपण बावर्चीला बोल लावतो. पण कोठीतून तांदूळच वेळेवर आला नसेल, किंवा ओटा एवढासाच असल्याने प्रत्येक भांडे उचलून ठेवावे लागत असेल, तर बावर्ची बिचारा काय करणार? तो हात बांधून उभा असतो.

तेव्हा पहिले काम म्हणजे बावर्ची खरोखर राबतो आहे की उभा आहे, हे पाहणे. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स या भागात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क किती टक्के कामात आहेत ते दिसते. ज्या कामाला वेळ लागतो, नेमके तेच काम चालू ठेवून हे आकडे पाहायचे. रिकाम्या यंत्राचे आकडे पाहून काही कळत नाही.

आम्ही दोन वेळा पाहिले. धाकटीने सकाळी यंत्र चालू करून ब्राउझर आणि अभ्यासाच्या पीडीएफ उघडल्या, तेव्हा डिस्क १०० टक्के, मेमरी ९० च्या वर आणि प्रोसेसर कसाबसा २५ टक्के. म्हणजे बावर्ची उभाच होता. रात्री थोरल्याने व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला, तेव्हा चित्र उलटे. प्रोसेसर सलग १०० टक्के, डिस्क निवांत. एकाच यंत्राच्या दोन तक्रारी, आणि दोघींची कारणे वेगळी!

धाकटीच्या तक्रारीचे कारण सोपे आहे. हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते आणि एक बारीक दांडी तिच्यावरची माहिती शोधते. तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेत असली, तरी एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांहून थोडे जास्त लागतात. हवी ती जागा डोक्याखाली येईपर्यंत थांबावेच लागते, आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो जागा शोधाव्या लागतात. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. तिथे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात किंवा त्याहून लवकर होते. त्यातून आमच्या प्रोसेसरला वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. पडद्यावरच्या चित्रासाठी लागणारी मेमरी तो ८ जीबी रॅममधूनच काढून घेतो. ओटा मुळात लहान, त्यातही एक कोपरा दुसऱ्याने अडवलेला.

इथे एक छोटे गणित उपयोगी पडते. जीन अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये ते मांडले, पण आपल्या गृहिणींना ते न शिकताही येते. समजा, एखादा प्रोग्राम उघडायला ४० सेकंद लागतात आणि त्यांपैकी प्रोसेसरचे काम ८ सेकंदांचे आहे. दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणला, तर ८ चे ४ होतील. एकूण ४० चे ३६. हजारो रुपये घालून चार सेकंद! ज्या भागात वेळ जात नाही, तो भाग कितीही सुधारला तरी हाती फारसे लागत नाही.

म्हणून धाकटीसाठी निर्णय पहिल्याच दिवशी झाला. एक एसएसडी आणि रॅमची आणखी एक ८ जीबीची पट्टी. दोन पट्ट्या जोडीने बसवल्या की मेमरीला ये-जा करायला दोन वाटा मिळतात. ज्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स अंगचेच असते, त्याला याचा विशेष फायदा होतो. विंडोज आणि प्रोग्राम एसएसडीवर घेतले आणि जुनी हार्डडिस्क लग्नांचे व्हिडिओ साठवायला ठेवली.

आपल्या घरातला कॉम्प्युटर जर अभ्यास, ऑनलाइन फॉर्म, हिशेब आणि ब्राउझर एवढ्यासाठीच असेल, तर बहुधा तुमची गोष्ट इथेच संपते. प्रोसेसरला हात लावायची गरज पडणार नाही.

फुकटचा वेग

थोरल्याची तक्रार मात्र खरी होती. तिथे बावर्ची राबत होता. मग मित्राने सांगितलेला उपाय का करू नये?

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त वेगाने चालवणे. याचा एक काळ खरोखरच मजेचा होता. १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्तातला प्रोसेसर काढला. त्याचा वेग एका गुणाकारातून येई. मदरबोर्डचा मूळ ठोका ६६ मेगाहर्ट्झ, गुणिले साडेचार, म्हणजे ३००. हौशी लोकांनी मूळ ठोका ६६ चा १०० केला आणि तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झने धावू लागला. दीडपट वेग, एक पैसाही न घालता. त्या काळी प्रोसेसरमध्ये एवढी ताकद राखून ठेवलेली असे की ती काढून घेणाऱ्याचे सहसा काही बिघडत नसे. थोरल्याच्या मित्राने ऐकलेल्या कहाण्या त्याच जमान्यातल्या.

आज तसे राहिलेले नाही. २००४ मध्ये इंटेलचा पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला, आणि ४ गिगाहर्ट्झचा ठरलेला प्रोसेसर कंपनीने त्याच वर्षी रद्द केला. अडचण उष्णतेची होती. त्यानंतर कंपन्यांनी एकाच बावर्चीला आणखी पळवण्याऐवजी बावर्ची वाढवले. दोन कोअर, मग चार, मग सहा, आठ. शिवाय आजचे प्रोसेसर स्वतःच तापमान आणि भार पाहून आपला वेग वरखाली करतात. जी ताकद पूर्वी हौशी माणूस काढून घेई, ती आता बहुतेक कारखान्यातच काढून घेतलेली असते. कधी ती जरा जास्तच काढली जाते. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर वाढीव व्होल्टेजमुळे अस्थिर होतात, हे २०२४ मध्ये कंपनीनेच मान्य केले, बायोसमधून दुरुस्ती दिली आणि त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

मुळात प्रत्येक प्रोसेसर ओव्हरक्लॉक होतही नाही. इंटेलमध्ये साधारणपणे ज्याच्या नावाशेवटी 'के' हे अक्षर आहे तोच प्रोसेसर मोकळा असतो, आणि त्यालाही 'झेड' मालिकेचा महागातला बोर्ड लागतो. आपल्याकडे घरोघरी असलेल्या एच६१, एच८१, एच११० अशा बोर्डांवर ही गोष्ट विसरून जावी. एएमडीचे डेस्कटॉप रायझन बहुतेक सारे मोकळे असतात, पण ए३२० या सर्वांत स्वस्त बोर्डावर तिथेही मनाई. आमचा बोर्ड बी४५०, म्हणजे आमची वाट मोकळी होती. कदाचित म्हणूनच आम्ही घसरलो.

त्याआधी एक चांगले काम झाले, तेही सांगतो. दुरुस्ती करणाऱ्या ओळखीच्या मुलाने कॅबिनेट उघडले आणि तो म्हणाला, "चाची, आत गोधडी शिवण्याइतकी धूळ आहे." प्रोसेसरवरच्या पंख्याच्या पात्यांवर धुळीचा थर होता, आणि प्रोसेसर व त्याचा कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट सुकून खडूसारखी झाली होती. २२००जीची कमाल मर्यादा ९५ अंश सेल्सिअस. एक्स्पोर्ट चालू असताना आमचा प्रोसेसर तिथेच टेकलेला असे आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग ३.२ गिगाहर्ट्झपर्यंत खाली आणत असे. ब्रशने धूळ काढली, जुनी पेस्ट पुसून मटाराच्या दाण्याएवढी नवी लावली, कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढले. तापमान सत्तरीत आले, वेग ३.६ वर स्थिरावला आणि तीन तास वीस मिनिटांचे काम तीन तासांवर आले. खर्च जवळपास शून्य.

यावर समाधान मानायला हवे होते. पण एका रात्री थोरल्याने आम्हाला न सांगता बायोसमध्ये जाऊन वेग ३.९ केला आणि त्यासाठी व्होल्टेजही वाढवले. दहा मिनिटे चाचणी घेतली, यंत्र बंद पडले नाही, आणि त्याने एक लग्न एक्स्पोर्टला लावले. पावणेतीन तास लागले. पंधरा मिनिटे वाचली म्हणून स्वारी खूश. सकाळी पेनड्राइव्ह पोचता झाला.

दुपारी वधूच्या घरून फोन आला. व्हिडिओ ऐन रुखसतीच्या प्रसंगी बिघडला होता. पडद्यावर हिरवे चौकोन येत होते आणि आवाज तुटत होता. मुलीचे मामू सौदीहून लग्नासाठी आले होते, ते दुसऱ्या दिवशी परत जाणार होते आणि व्हिडिओ सोबत नेणार होते. थोरल्याचा चेहरा पाहवेना. कॅमेऱ्यातले मूळ चित्रीकरण शाबूत होते, ही अल्लाहची मेहेरबानी. आम्ही सगळी सेटिंग पूर्ववत करायला लावली, तोच व्हिडिओ पुन्हा एक्स्पोर्ट केला, तो स्वच्छ निघाला, आणि रात्री साडेनऊला थोरला स्वतः जाऊन माफी मागून देऊन आला.

तेव्हा आम्हाला ओव्हरक्लॉकिंगची खरी किंमत कळली. यंत्र बंद पडले असते तर बरे झाले असते. चूक लगेच दिसली असती. घाईला आलेला बावर्ची देग सांडत नाही, तो मीठ दोनदा घालतो, आणि ते पाहुण्याच्या जिभेवर गेल्यावरच कळते. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये सुमारे दहा लाख घरगुती संगणकांच्या बिघाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात थोड्याशा ओव्हरक्लॉकिंगनेही बिघाडाचे प्रमाण चांगलेच वाढते असे आढळले.

उष्णतेचा हिशेबही डोक्यात ठेवण्यासारखा आहे. ढोबळ नियम असा, की प्रोसेसरची उष्णता वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग १० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढवले, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे १.३३. कामात दहा टक्के लाभ आणि उष्णतेत तेहेतीस टक्के वाढ. तीही सोलापूरच्या मे महिन्यात, जिथे पंखाच गरम हवा फेकतो! शिवाय ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान इंटेल किंवा एएमडीच्या नेहमीच्या वॉरंटीत बसत नाही.

ओव्हरक्लॉकिंग वाईटच, असे आम्ही म्हणत नाही. यंत्र फक्त खेळासाठी असेल, चांगला मोठा कूलर असेल, रात्रभर चाचणी घेण्याची तयारी असेल, आणि बिघडले तर कोणाची रोजी अडत नसेल, तर हौशी मुलाने जरूर करून पाहावे. त्यातून तो पुष्कळ शिकेल. पण ज्या यंत्रावर लोकांच्या आठवणी किंवा घरचे हिशेब असतील, त्याच्यावर हा प्रयोग नको.

बदलायचा तर कोणता

आता उरला प्रोसेसर बदलण्याचा पर्याय. दुकानदार म्हणाला होता, "एकटा प्रोसेसर बदलून उपयोग नाही." पुष्कळ घरांत ते खरे असते. आमच्या बाबतीत ते खरे नव्हते, आणि हे आम्ही स्वतः पाहिले नसते तर फीचे पैसे गेले असते.

मदरबोर्डवर प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. एएमडीने २०१७ च्या पहिल्या रायझनपासून एएम४ हे एकच सॉकेट अनेक पिढ्या चालवले. २०२० च्या अखेरीस आलेली रायझन ५००० मालिकाही त्यातच बसते, आणि बायोस अद्ययावत केले की जुने बोर्डही ती स्वीकारतात. आमच्या बोर्डाच्या कंपनीने चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी दिली आहे. त्यात रायझन ५ ५६००जी होता. आमच्या २२००जीमध्ये चार कोअर आणि चारच थ्रेड. ५६००जीमध्ये सहा कोअर आणि बारा थ्रेड, म्हणजे सहा बावर्ची आणि प्रत्येकापुढे दोन शेगड्या. वेग ३.९ पासून ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत. वीज मात्र दोघांची ६५ वॅटच्या वर्गातली, म्हणून जुना एसएमपीएस पुरतो. कूलर खोक्यातच मिळतो.

इथे तीन खड्डे आहेत. आम्ही त्यांच्या काठावरून परतलो.

पहिला खड्डा 'जी' या अक्षराचा. रायझन ५ ५६०० आणि रायझन ५ ५६००जी हे वेगळे आहेत. 'जी' नसलेल्यात ग्राफिक्स नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या घरात तो बसवला तर यंत्र चालेल, पण पडदा काळाच राहील. इंटेलमध्ये हीच गोष्ट शेवटच्या 'एफ' अक्षराने कळते. 'एफ' असेल तर ग्राफिक्स नाही.

दुसरा खड्डा बायोसचा. जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस अद्ययावत करावे लागते. नवा बसवल्यावर जुने बायोस त्याला ओळखतच नाही. आणि हे काम चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. आम्ही शेजाऱ्यांचा यूपीएस मागून आणला आणि फजरनंतर, जेव्हा आमच्या भागात वीज सहसा जात नाही, तेव्हा ते उरकले. पाचच मिनिटांचे काम, पण ती पाच मिनिटे घरात कोणी बोलले नाही.

तिसरा खड्डा काढण्याचा. एएम४ प्रोसेसरच्या पोटाला बारीक पिना असतात. पेस्ट सुकून चिकटलेली असेल आणि कूलर सरळ वर ओढला, तर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी यंत्र दहा मिनिटे चालवून पेस्ट ऊबदार होऊ द्यावी, यंत्र बंद करून वीज तोडावी, कूलरचे स्क्रू सोडावेत आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवावा.

इंटेलवाल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. सॉकेटचे नाव सारखे म्हणून प्रोसेसर चालेलच असे नाही. एलजीए ११५१ हे नाव सहाव्या-सातव्या पिढीलाही आहे आणि आठव्या-नवव्या पिढीलाही, पण सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही. त्याला ३०० मालिकेचा बोर्ड लागतो. ज्यांच्याकडे चौथ्या पिढीचा आय३ आहे, त्यांना त्याच बोर्डावर जुना वापरलेला आय७-४७७० बसवता येतो, आणि दोन कोअरचे चार होतात. पण त्यात फार पैसे घालू नयेत, असे आमचे मत. त्याचे कारण पुढे आहे.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागते, असा कंपनीचा अधिकृत नियम आहे. चौथ्या पिढीचा आय७ कितीही चांगला असला तरी त्या यादीत नाही. आमचा २२००जीसुद्धा नाही, कारण क्रमांक २००० च्या घरातला असला तरी त्याची घडण पहिल्या पिढीची आहे. ५६००जी आहे. म्हणजे प्रोसेसर बदलण्याला वेगापलीकडचेही एक कारण होते. ज्या यंत्रावरून आपण बँकेचे व्यवहार आणि कॉलेजचे फॉर्म करतो, त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहायला हव्यात. ज्यांचे यंत्र फार जुने आहे, त्यांनी एसएसडी आणि रॅमवर काही काळ भागवावे. ते दोन्ही वाया जात नाहीत, एसएसडी तरी पुढच्या यंत्रात नक्की जाते. आणि नव्या संचासाठी महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकावे.

एक फुकटचा उपाय आम्ही शेवटपर्यंत विसरलो होतो. बऱ्याच एडिटिंग प्रोग्राममध्ये एक्स्पोर्ट करताना हार्डवेअर एन्कोडिंग निवडता येते. मग व्हिडिओ दाबून बसवण्याचे काम ग्राफिक्समधला वेगळा भाग करतो आणि वेळ पुष्कळ वाचतो. त्याच आकाराच्या फाइलमध्ये चित्र जरा कमी सुबक दिसते, म्हणून थोरला ते नमुना दाखवण्यापुरते वापरतो. अंतिम प्रत जुन्याच पद्धतीने काढतो.

आमचा हिशेब

प्रोसेसर, एसएसडी आणि रॅमची पट्टी मिळून सारा खर्च दुकानदाराच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी झाला. एसएसडी आणि रॅमचे पैसे आम्ही घरखर्चातून दोन हप्त्यांत काढले. प्रोसेसरचे थोरल्याने दोन लग्नांच्या कमाईतून दिले. फीच्या पाकिटाला हात लागला नाही. तीन तासांचा एक्स्पोर्ट आता सव्वा तासाच्या आसपास होतो, आणि तोही कारखान्याने दिलेल्या वेगावरच. एक्स्पोर्ट झाला की पूर्ण व्हिडिओ सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय पेनड्राइव्ह घराबाहेर जात नाही, हा नियम थोरल्याने स्वतःच घातला आहे.

वाचकहो, दुकानात जाण्याआधी एका कागदावर एवढे लिहून न्या. प्रोसेसरचे पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट. बोर्डाचे नाव. रॅमच्या पट्ट्या किती आणि कोणत्या. हार्डडिस्क की एसएसडी. आणि नेमके कोणते काम अडते, ते चालू असताना टास्क मॅनेजरमधले तिन्ही आकडे. मग ठरवणे सोपे जाते. डिस्क किंवा मेमरी भरलेली असेल, तर प्रोसेसरला हात लावू नका. प्रोसेसर भरलेला असेल, तर आधी धूळ आणि पेस्ट पाहा. त्यानंतरही अडत असेल आणि त्याच बोर्डावर दुप्पट ताकदीचा प्रोसेसर बसत असेल, तर बदला. बसत नसेल, तर नव्या संचासाठी थांबा. मधल्या काळात त्याला पळवण्याचा मोह झालाच, तर वाचणारी मिनिटे आणि बिघडू शकणारे काम, दोन्ही कागदावर शेजारी-शेजारी मांडा.

जुना २२००जी पिना वाकू नयेत म्हणून डबीत घालून कपाटात ठेवला आहे. धाकटीची आता एकच तक्रार असते. मशीन इतक्या लवकर उघडते की सकाळचा चहा प्यायला वेळच मिळत नाही.